मध्ययुगीन युरोपातील सुवर्णमंडित हस्तलिखिते : कातडे, शाई, सोने आणि रंग

अक्षरवेल (धागाकर्ती)

मध्ययुगीन युरोपातल्या सोनेरी हस्तलिखितांची पाने आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात. त्यांच्याविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात चित्रांतले प्रसंग, संतांच्या कथा आणि ती करवून घेणाऱ्या राजेरजवाड्यांची नावे येतात. परंतु ते पान मुळात कशाचे बनले आहे आणि ते सिद्ध करणाऱ्यांना कोणत्या क्रमाने काय काय करावे लागले, हे बहुधा राहून जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की या पानांचे तेज चित्रकाराच्या कल्पनेतून जितके आले आहे, त्याहून अधिक ते द्रव्यांच्या स्वभावाच्या जाणकारीतून आले आहे. म्हणून हा धागा केवळ साहित्य आणि कारागिरी यांच्यासाठी काढत आहे.

सुरुवात चर्मपत्रापासून, म्हणजे ज्या कातड्यावर ही पाने लिहिली जात त्यापासून करते. चर्मपत्र हे कमावलेले चामडे नव्हे. चामडे कमावताना झाडाच्या सालीतील टॅनिन कातड्यात मुरवतात. चर्मपत्राच्या वाट्याला येतो तो फक्त चुना आणि ताण. वासराचे, मेंढीचे किंवा बकरीचे कातडे काही दिवस चुन्याच्या पाण्यात बुडवून ठेवले की केस सैल होतात. ते खरवडून काढल्यावर ओले कातडे लाकडी चौकटीवर ताणायचे असते, पण कडेला भोक पाडून दोरी ओवली तर वाळताना कातडे तिथेच फाटते. म्हणून कडेच्या घडीत एक गुळगुळीत खडा गुंडाळायचा, त्या खड्यामागे दोरीचा फास आवळायचा आणि दोरीचे दुसरे टोक चौकटीच्या फिरत्या खुंटीला बांधायचे, अशी युक्ती होती. कातडे वाळत जाईल तशा खुंट्या पिळत जायचे आणि त्याच वेळी अर्धचंद्राकृती पात्याने दोन्ही बाजू तासत जायचे. पात्याचे टोक टेकू नये म्हणूनच त्याला तो आकार दिलेला असे. तरीही एखादी बारीक खोच पडलीच, तर ताणामुळे तिचे पाहता पाहता लंबगोल भोक होई. अशी भोके असलेली पाने फेकून दिली जात नसत. लेखक भोकाला वळसा घालून ओळ पुढे नेत असे, आणि कुठे कुठे ते भोक दोऱ्याने शिवलेलेही दिसते.

तयार चर्मपत्राच्या दोन बाजू सारख्या नसतात. केसांची बाजू किंचित पिवळसर असते आणि नीट पाहिल्यास तिच्यावर केसांच्या मुळांचे ठिपके दिसतात. मांसाची बाजू अधिक पांढरी आणि मऊ असते. ताव दुमडून जुडी बांधताना केसांच्या बाजूसमोर केसांची आणि मांसाच्या बाजूसमोर मांसाची बाजू येईल अशी मांडणी करण्याचा प्रघात होता, त्यामुळे उघडलेली दोन्ही पाने एका रंगाची दिसतात.

यासाठी किती कातडी लागत, हे एका उदाहरणावरून कळेल. इंग्लंडच्या ईशान्येकडील वेअरमथ-जॅरो या मठात तयार झालेले आणि इ.स. ७१६ मध्ये पोपला भेट म्हणून रोमकडे रवाना झालेले ‘कोडेक्स अमियाटिनस’ हे बायबल आज फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. त्याची पत्रे १,००० हून अधिक आणि वजन सुमारे ३४ किलो असून त्यासाठी सुमारे ५०० वासरांची कातडी लागली असावीत असा अंदाज आहे.

शाईचे साहित्य तर आपल्या ओळखीचे आहे. ओकच्या फांदीवर एक बारीक गांधीलमाशी अंडे घालते आणि त्याभोवती झाड जी गाठ धरते ती म्हणजे मायफळ, जे आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात. मायफळाच्या अर्कात हिराकस आणि डिंक मिसळला की लेखनाची शाई तयार होते. लिहिताना ती फिकट असते आणि हवा लागल्यावर काळी पडत जाते. काजळीची शाई पृष्ठभागावर बसते, तर ही शाई कातड्यात शिरते. म्हणून चूक झाली तर ती पुसता येत नाही, सुरीने खरवडावी लागते. जुन्या चित्रांतल्या लेखकांच्या उजव्या हातात पिसाची लेखणी आणि डाव्या हातात सुरी दिसते ती याचसाठी. त्याच सुरीने लेखणी तासायची, आणि उसळणारे चर्मपत्र तिच्याच टोकाने दाबून धरायचे.

रंग आणि सोने यांविषयी जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

रसायनी

अतिशय नेटका प्रारंभ केलात. रंगांबद्दल लिहिण्याआधी एक मुद्दा मांडतो : नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावरून द्रव्य ओळखण्याचा मोह टाळायला हवा, कारण त्याने मोठमोठ्या अभ्यासकांनाही चकवले आहे.

इ.स. ७०० च्या आसपास सिद्ध झालेली ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’ ही पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि तिचे काम बिशप एडफ्रिथ याच्या नावावर सांगितले जाते. तिच्यातला निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानमधून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, असे बराच काळ मानले गेले. लिंडिसफार्न या उत्तर समुद्रातल्या एका लहानशा बेटापर्यंत बदख्शानचा दगड पोहोचला, ही कल्पना आकर्षक होती आणि तिच्यावरून त्या काळच्या व्यापाराचे निष्कर्षही काढले गेले. पुढे रामन वर्णपटमापन या पद्धतीने पानांची तपासणी झाली. रंगकणावर लेसरचा किरण टाकला असता विखुरणाऱ्या प्रकाशातील अगदी अल्प भाग आपली तरंगलांबी बदलून बाहेर पडतो आणि हा बदल प्रत्येक द्रव्याचा वेगळा असतो, या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधावर ती आधारलेली आहे. पानाचा कणही न खरवडता द्रव्य ओळखता येते, हा तिचा मोठा लाभ. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात लिंडिसफार्नचा निळा रंग लाजवर्द नसून नीळ असल्याचे दिसून आले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील ‘बुक ऑफ केल्स’बाबतही पुढे असाच निष्कर्ष निघाला.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. भारतातील निळीच्या झाडापासून आणि युरोपात उगवणाऱ्या वोड या वनस्पतीपासून मिळणारे रंगद्रव्य रासायनिकदृष्ट्या एकच असल्यामुळे हे उपकरण त्या दोहोंत भेद करू शकत नाही. वोड स्थानिक असल्याने तीच वापरली असावी, हा निष्कर्ष परिस्थितीवरून काढलेला आहे आणि तो मला पटतो. माझ्या दृष्टीने यामुळे एडफ्रिथचे मोल वाढते, कारण जवळपास मिळणाऱ्या मोजक्या द्रव्यांच्या मिश्रणातून आणि थरांतून त्याने इतक्या छटा साधल्या.

बाकी रंगांची नावे आपल्या बाजारातही ऐकू येणारी आहेत. लालासाठी हिंगूळ आणि शेंदूर, पिवळ्यासाठी हरताळ, हिरव्यासाठी तांब्यावर व्हिनेगरची वाफ देऊन काढलेला जंगाल, पांढऱ्यासाठी शिशापासून केलेला सफेदा. यांपैकी बहुतेक विषारी आहेत. रंगकण बांधून धरण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग फेटून निवळू दिलेला, किंवा डिंक. मध्ययुगाच्या उत्तरार्धात भारतीय लाखही व्यापाऱ्यांमार्फत तिथे जात होती आणि तिच्यापासून गडद किरमिजी रंग करत.

गोदाकाठ

दोन्ही लेखन मन लावून वाचले. मला एक प्रश्न सतावतो आहे आणि तो विचारल्यावाचून राहवत नाही. एका ग्रंथासाठी ५०० वासरे मारली गेली असतील, तर त्या ग्रंथाकडे निव्वळ सौंदर्यदृष्टीने पाहणे मला जड जाते. शिवाय अतिशय पातळ चर्मपत्र हे न जन्मलेल्या वासरांचे असते असे मी वाचले होते. ते खरे आहे काय?

अक्षरवेल (धागाकर्ती)

गोदाकाठ, तुमची अस्वस्थता मी समजू शकते आणि ती मांडलीत हे बरे केलेत. ज्या समाजात मांस खाल्ले जात होते तिथे कातडे हे बहुतांशी त्याच व्यवहारातून निघत असे. मात्र अमियाटिनससारख्या प्रकल्पासाठी मठाजवळ मोठे कळप आणि चराऊ जमीन असणे भाग होते, म्हणजे त्या बायबलामागे प्रचंड संपत्ती होती हेही तितकेच खरे आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अलीकडच्या संशोधनाने दिले आहे. तेराव्या शतकात खिशात मावतील अशी बायबले शेकडोंनी तयार झाली आणि त्यांचे चर्मपत्र इतके पातळ असे की ते गर्भातल्या वासरांचे, नाहीतर सशासारख्या लहान प्राण्यांचे असावे, असे तर्क लढवले गेले. यॉर्क विद्यापीठातील सारा फिडिमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक सुरेख उपाय काढला. चर्मपत्र स्वच्छ करण्यासाठी ग्रंथालयांत खोडरबर फिरवण्याची पद्धत होतीच. त्या खोडरबराचा जो भुगा पडतो त्याला कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे सूक्ष्म अंश चिकटून येतात आणि त्यांवरून प्राणी ओळखता येतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ७२ लहान बायबलांची तपासणी झाली. त्यांत वासरू, बकरी आणि मेंढी हेच प्राणी आढळले, ससे वगैरे नाहीत. आणि सापडलेले पातळपण मोठ्या जनावरांच्या कातड्यातूनही साधता येते, असे अभ्यासकांनी मांडले. म्हणजे तो पातळपणा मुख्यतः तासणाऱ्याच्या हातचा आहे. ज्याचे नाव कोणत्याही पानावर नाही अशा त्या चर्मपत्र करणाऱ्याचे कौशल्य यातून सिद्ध झाले, याचा मला फार आनंद वाटतो.

बोरू_आणि_टाक

मी सुलेखन शिकवतो आणि सोन्याचा वर्ख लावण्याची जुनी युरोपीय पद्धत काही वर्षांपासून हाताळत आहे, म्हणून सोन्याची बाजू मी मांडतो.

पानावरचे सोने फुगीर दिसते तेव्हा ते सोने जाड असते असे नव्हे. सोने अत्यंत पातळ असते. फुगवटा असतो तो त्याखालच्या लेपाचा. १४०० च्या सुमारास लिहिणारा इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने हा लेप सांगितला आहे : पाण्यात बरेच दिवस भिजवून मऊ केलेले जिप्सम, त्याच्या एकतृतीयांशाहून अधिक नसेल इतका सफेदा, थोडी साखर, आणि रंगासाठी चिमूटभर तांबूस माती. तांबूस रंगाचे दोन उपयोग आहेत. पांढऱ्या चर्मपत्रावर लेप नेमका कुठवर गेला हे दिसते, आणि वरच्या सोन्याला ऊब येते. लेप पिसाच्या लेखणीने किंवा कुंचल्याने थेंबाथेंबाने सोडावा लागतो, आणि त्यात बुडबुडा राहिला तर वाळल्यावर नेमका तिथेच खड्डा पडतो.

या कृतीतील साखर बारकाईने पाहण्यासारखी आहे. ती हवेतील ओल धरून ठेवते. लेप पूर्ण वाळल्यानंतर त्यावर तोंडाची दमट वाफ सोडली की साखरेमुळे वरचा थर क्षणभर चिकट होतो, आणि त्या क्षणातच वर्ख टेकवून रेशमी कापडाने दाबावा लागतो. वर्ख लेपाला धरतो, बाजूच्या कोरड्या चर्मपत्राला धरत नाही. उरलेला मऊ ब्रशने झटकून टाकता येतो. मग हेमॅटाइटच्या दगडाने किंवा कुत्र्याच्या दाताने, आधी अगदी हलक्या हाताने आणि मग जोर वाढवत, घोटाई करायची. चांगल्या घोटाईनंतर सोने समोरून पाहताना काळसर आरशासारखे दिसते आणि पान जरासे कलते करताच पेटून उठते. छापील पुस्तकात आणि पडद्यावर नेमकी हीच गोष्ट हरवते.

चेन्निनी या कामासाठी दमट हवा पसंत करतो. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र ओल इतकी असते की लेप वाळतच नाही आणि घोटताना सोने सरकते; त्यामुळे माझा अनुभव असा की आपल्याकडे हे काम हिवाळ्यातल्या सकाळी सर्वात चांगले होते. चेन्निनीची आणखी एक तक्रार नोंदवतो. वर्ख ठोकणारे एका डुकॅट नाण्यातून १४५ वर्ख काढतात, पण त्यांनी १०० च काढायला हवेत, असे तो म्हणतो. वर्ख जितका पातळ तितका त्यातून खालचा लेप डोकावतो, हे ज्याने एकदा घोटून पाहिले आहे त्याला त्याची तळमळ कळेल.

अक्षरवेल (धागाकर्ती)

अप्रतिम माहिती दिलीत. मी सुरुवातीला ज्या क्रमाचा उल्लेख केला तो इथे येतो : सोने नेहमी रंगांच्या आधी. घोटाईचा दगड रंगावर फिरला तर रंग खरवडला जाईल आणि वर्ख रंगातल्या डिंकालाही चिकटेल. विंचेस्टर कॅथेड्रलमधील बाराव्या शतकातले विंचेस्टर बायबल अपुरे राहिले म्हणून हा क्रम आज आपल्याला उघड दिसतो. त्याचा मजकूर जवळजवळ एकाच लेखकाने लिहिला आणि चित्रांसाठी सहा निरनिराळे हात ओळखले गेले आहेत. त्याच्या काही आद्याक्षरांत केवळ रेखाटन आहे, काहींत सोने चढले आहे पण रंग भरलेला नाही. पूर्ण झालेल्या शंभर पानांपेक्षा अशी अर्धवट पाने मला अधिक शिकवून जातात.

परदेशस्थ

मी आयर्लंडमध्ये राहतो. रसायनी यांनी लाजवर्दाचा प्रश्न काढला आहे, तर तो पूर्ण करणे आवश्यक आहे, कारण पुढच्या काळात लाजवर्द खरोखरच युरोपात आला आणि सर्वात महाग रंग ठरला. तो बदख्शानमधील सर-ए-संग येथील खाणींतून येत असे. दगड नुसता कुटला तर निळी पूड मिळत नाही, करडी मिळते. कारण त्यात पांढरा कॅल्साइट आणि सोनेरी पायराइट मिसळलेले असते. चेन्निनीच्या कृतीनुसार दगडाची बारीक पूड पाइनची राळ, मस्तकी आणि मेण यांच्या वितळलेल्या मिश्रणात घालून त्याचा गोळा करायचा, तो निदान तीन दिवस आणि तीन रात्री ठेवून रोज मळायचा, आणि मग राखेच्या कोमट क्षारपाण्यात दोन काठ्यांनी दाबत राहायचे. निळे कण पाण्यात उतरतात, इतर खनिजे राळेत अडकून राहतात. पहिल्या दोन निचऱ्यांतला रंग सर्वात गडद असतो आणि त्याला औंसाला आठ डुकॅट किंमत येते, असे तो लिहितो. शेवटचा निचरा राखेच्या रंगाचा असतो.

मठांतले साधू भक्तिभावाने, पैशाचा विचार न करता हे काम करीत, असे मला नेहमी वाटत आले आहे, आणि अशा श्रमांमागे श्रद्धेवाचून दुसरे बळ असू शकेल असे वाटत नाही.

रसायनी

परदेशस्थ, आपल्या म्हणण्याशी मी अंशतःच सहमत आहे. बाराव्या शतकापर्यंत मठांचा वाटा मोठा होता हे मान्य. पण तेराव्या शतकापासून पॅरिससारख्या विद्यापीठांच्या शहरांत हे काम करणारे व्यावसायिक होते, त्यांच्या गल्ल्या ठरलेल्या होत्या आणि चर्मपत्र करणाऱ्यांच्या नावाचा रस्ता तिथे आजही आहे. रिशार आणि जान द मोंबास्तों हे पती-पत्नी तिथे ग्रंथ लिहिण्या-रंगवण्याचा धंदा करीत. पतीच्या निधनानंतर १३५३ मध्ये जानने विद्यापीठासमोर ग्रंथविक्रेती म्हणून शपथ घेतली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील एका हस्तलिखिताच्या तळसमासात पुरुष आणि स्त्री शेजारी बसून काम करताना दाखवले आहेत आणि मागे ताव वाळत टाकले आहेत. ते चित्र या दांपत्याचेच असावे असे अनेक अभ्यासक मानतात. पैसे घेऊन केले म्हणून ते काम कमी निष्ठेचे होते, असे मी म्हणणार नाही.

आणि मठांतही केवळ साधूच होते असे नाही. जर्मनीतील डालहाइम येथील स्त्रियांच्या मठाच्या दफनभूमीतील एका स्त्रीच्या दातांवर साठलेल्या कीटणात निळे कण सापडले आणि ते लाजवर्दाचे निघाले. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ती ९९७ ते ११६२ या काळात कधीतरी होऊन गेली आणि मृत्यूसमयी ४५ ते ६० वर्षांची होती. कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याच्या सवयीने ते कण तोंडात गेले असावेत, हे संशोधकांना सर्वाधिक संभाव्य वाटते. त्या मठाचा एकही ग्रंथ उरलेला नाही, तिचे नावही माहीत नाही. पण इतके मौल्यवान द्रव्य तिच्या हाती दिले जात होते, यावरून तिचे कौशल्य मान्यता पावलेले होते हे उघड आहे.

गोदाकाठ

माझ्या प्रश्नाला इतके तपशीलवार उत्तर दिल्याबद्दल अक्षरवेल यांची मी आभारी आहे. आणखी दोन शंका आहेत. अशी एखादी पोथी महाराष्ट्रात पाहायला मिळते का? आणि काही जुन्या पानांवर चेहरे काळे पडलेले किंवा हिरव्या चौकटीपाशी पान तुटलेले दिसते, ते कशामुळे?

बोरू_आणि_टाक

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची मध्ययुगीन हस्तलिखित प्रत आहे. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ती संस्थेला दिली. ती सोसायटीच्या सर्वात मौल्यवान ठेव्यांपैकी एक असल्याने कडेकोट बंदोबस्तात असते आणि एरवी पाहायला मिळत नाही. प्रदर्शन भरते तेव्हाच दर्शन होते, म्हणून संस्थेच्या कार्यक्रमांकडे लक्ष ठेवावे.

रसायनी

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. चेहऱ्यांसाठी वापरलेला सफेदा शिशाचा असतो. हवेतील गंधकयुक्त वायूंशी त्याचा संयोग झाला की काळे शिसे-सल्फाइड तयार होते. गंधक असलेली हरताळ शिशाच्या किंवा तांब्याच्या रंगाला लागून आली तरी असाच धोका असतो, म्हणून जाणते चित्रकार हे रंग एकमेकांपासून दूर ठेवत. हिरव्याचे कारण वेगळे आहे. जंगालातील तांबे खालच्या चर्मपत्राला वर्षानुवर्षे कुरतडत राहते आणि अखेरीस चौकटीच्या रेषेवरच पान कापल्यासारखे सुटते. मायफळाची शाईही आम्लधर्मी असते, आणि कागदावर ती अशीच भोके पाडते. चर्मपत्रात मात्र तयार करतानाचा चुना आणि खडू शिल्लक राहिल्याने ते आम्ल बरेचसे शमते. म्हणूनच नवव्या शतकातला मजकूर आजही स्वच्छ वाचता येतो, आणि त्याहून सहाशे वर्षांनी कागदावर लिहिलेल्या वह्यांची अक्षरे गळून पडलेली दिसतात.

ओलाव्याचा प्रश्न याहून मोठा आहे. चर्मपत्र दमट हवेत फुगते आणि चौकटीवर चढण्यापूर्वीच्या आकाराकडे वळू पाहते. ते फुगले-आकसले की वरचे सोने आणि रंग तडकतात. जुन्या बांधणीत जाड ओकच्या फळ्या आणि पितळी कड्या असत त्या पाने दाबून सपाट ठेवण्यासाठी, आणि आजची ग्रंथालये तेच काम नियंत्रित आर्द्रतेच्या खोल्यांकडून करून घेतात. मुंबईच्या हवेत दान्तेची ती प्रत राखणाऱ्यांपुढचे काम त्यामुळे फ्लॉरेन्समधल्या ग्रंथपालापेक्षा निश्चितच अवघड आहे.